सूर्याचे बारा आणि घड्याळाचे बारा

‘किती वाजले?’ हा प्रश्न आपण दिवसातून अनेकदा विचारतो आणि घड्याळाकडे पाहून त्याचे उत्तर देतो. उंची किंवा वजन यांप्रमाणे वेळ ही निसर्गातच ठरलेली गोष्ट आहे आणि घड्याळ ती केवळ मोजून दाखविते, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे मुंबईतील एखाद्या मोकळ्या मैदानात काठी सरळ रोवून पाहिल्यास कळून येईल. सूर्य आकाशात सर्वांत उंच आला, म्हणजे काठीची सावली सर्वांत आखूड होते. हीच खरी मध्यान्हाची वेळ. परंतु त्या क्षणी घड्याळात बारा वाजलेले दिसणार नाहीत. वर्षाची सरासरी काढली, तर बारा वाजून ३९ मिनिटे झालेली दिसतील. मग चूक कोणाची? सूर्याची की घड्याळाची? खरे पाहता चूक कोणाचीच नाही. घड्याळातले बारा सूर्याने ठरविलेले नसून माणसांनी आपापसांत ठरविलेले आहेत. ते कसे ठरले, त्यातून कोणत्या विसंगती निर्माण झाल्या आणि त्या दूर करावयाच्या तर कोणते मार्ग आहेत, याचा आपण विचार करू.

घरोघर घड्याळे येण्यापूर्वी आपल्याकडे वेळ घटिका-पळांत मोजीत असत. साठ पळे म्हणजे एक घटिका आणि साठ घटिका म्हणजे एक पूर्ण दिवस व रात्र. आजच्या हिशेबाने घटिका २४ मिनिटांची होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र सोडीत. ते भरून बुडाले, की एक घटिका झाली असे समजत. ही मोजणी सूर्योदयापासून सुरू होई. साहजिकच प्रत्येक गावाचा सूर्योदय निराळा, म्हणून प्रत्येक गावाची वेळही निराळी असे. आजही पंचांगात सूर्योदयाची वेळ देताना ती कोणत्या गावाची आहे हे सांगावे लागते.

हा फरक किती असतो, याचे गणित सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत एक फेरी पुरी करते, म्हणजे ३६० अंशांतून फिरते. म्हणून १५ अंशांस एक तास आणि एका अंशास चार मिनिटे लागतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेकडील गावांना सूर्य आधी दिसतो. मुंबई सुमारे ७२ अंश ५० मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आहे आणि नागपूर सुमारे ७९ अंश ५ मिनिटे पूर्व रेखावृत्तावर. दोहोंत सव्वासहा अंशांचे अंतर आहे. त्यास चारने गुणा. नागपूरच्या माथ्यावर सूर्य आल्यानंतर २५ मिनिटांनी तो मुंबईच्या माथ्यावर येतो, असे उत्तर मिळेल. पायी किंवा बैलगाडीने प्रवास करणाऱ्या माणसाला या २५ मिनिटांची कधी अडचण वाटली नाही. नागपूरहून मुंबईस पोहोचेपर्यंत त्याचे अनेक दिवस मोडत. त्या दिवसांपुढे २५ मिनिटांची मातब्बरी ती काय!

ही मातब्बरी वाढविली ती आगगाडीने. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराची वेळ लंडनच्या वेळेपेक्षा सुमारे दहा मिनिटे मागे होती. प्रत्येक स्थानकाने आपापल्या गावाची वेळ पाळली, तर गाडी कोठे केव्हा पोहोचणार याचे वेळापत्रक करणेच कठीण. शिवाय एकाच लोहमार्गावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांच्या चालकांची घड्याळे जुळली नाहीत, तर प्राणांवरच बेतावयाचे. म्हणून तेथील एका मोठ्या रेल्वे कंपनीने इ. स. १८४० मध्ये आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवरील घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत. एक काटा गावाची वेळ दाखवितो आणि दुसरा लंडनची. दोन वेळांच्या ओढाताणीची ती बोलकी खूण होय.

आपल्या देशातही असेच घडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढे देशभर लोहमार्गांचे जाळे पसरले. त्या वेळी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन मोठ्या शहरांच्या तीन वेळा होत्या. मद्रास शहर बाकीच्या दोहोंच्या मध्ये येते आणि तेथे जुनी वेधशाळाही होती. म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. परिणामी मुंबईच्या स्थानकावरील घड्याळ शहरातील घड्याळापेक्षा सुमारे अर्धा तास पुढे धावू लागले. गावाची वेळ पाहून निघालेल्या उतारूला स्थानकावर आल्यावर गाडी सुटून गेल्याचे कळे, यात नवल नाही.

सर्व जगाला लागू पडेल अशी योजना सर सँडफर्ड फ्लेमिंग या कॅनडातील रेल्वे अभियंत्याने मांडली. पृथ्वीचे १५ अंशांचे एक याप्रमाणे २४ पट्टे कल्पावे, प्रत्येक पट्ट्यात एकच वेळ पाळावी आणि शेजारच्या पट्ट्यात बरोबर एका तासाचा फरक धरावा, अशी ती कल्पना होती. १८८४ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी २५ देशांचे प्रतिनिधी जमले. रेखावृत्ते कोठून मोजावयाची, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. जगातील बहुतेक जहाजांवरील नकाशे इंग्लंडमधील ग्रीनिच येथील रेखावृत्त आधारास धरून काढलेले असल्यामुळे २२ देशांनी ग्रीनिचच्या बाजूने मत दिले. प्राचीन भारतीय ज्योतिषी उज्जयिनीतून जाणारी रेषा आरंभाची मानीत. म्हणजे आरंभाची रेषा कोठून काढावी हे निसर्ग सांगत नाही. ते माणसेच ठरवितात.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्त तिच्यासाठी निवडण्यात आले. ही वेळ ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास, मुंबईच्या स्थानिक वेळेच्या पुढे ३९ मिनिटे आणि कलकत्त्याच्या स्थानिक वेळेच्या मागे २४ मिनिटे होती.

मुंबईकरांना ही वेळ रुचली नाही. पहाटे उठून गिरणीत जाणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने हा केवळ काट्यांचा खेळ नव्हता. भोंगा पूर्वीच्याच आकड्याला वाजणार. परंतु घड्याळ पुढे सरकल्यामुळे तो प्रत्यक्षात ३९ मिनिटे आधी वाजणार, म्हणजे तेवढी झोप कमी होणार. १९०६ च्या जानेवारीतच गिरणी कामगारांनी या बदलाला विरोध केला. तो वंगभंगाच्या चळवळीचा काळ होता. लोकांना न विचारता सरकारने वरून लादलेली वेळ आम्ही का पाळावी, असा प्रश्न सुशिक्षितही विचारू लागले. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ कायम ठेवली आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे, सुमारे १९५५ पर्यंत, ‘मुंबई वेळ’ शहरात टिकून राहिली. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. त्या दिवसांत मुंबईत कोणास भेटीची वेळ द्यावयाची, तर ‘मुंबई वेळ की स्टँडर्ड वेळ?’ असा खुलासा करून घ्यावा लागे.

फ्लेमिंगच्या योजनेत पट्टे सरळ होते. प्रत्यक्षात मात्र देशांच्या सरहद्दी आणि राज्यकर्त्यांच्या इच्छा यांनी ते वेडेवाकडे करून टाकले. चीनचा विस्तार रेखांशांच्या हिशेबाने चार तासांहून अधिक आहे. तेथे पूर्वी पाच विभाग होते; परंतु १९४९ नंतर साऱ्या देशाला बीजिंगची एकच वेळ लावण्यात आली. परिणाम असा, की पश्चिमेकडील काश्गर शहरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा सरकारी घड्याळात दुपारचे जवळजवळ तीन वाजलेले असतात. तेथील पुष्कळ लोक खाजगी व्यवहारात दोन तास मागची वेळ पाळतात. चीन आणि अफगाणिस्तान यांची लहानशी सामाईक सरहद्द आहे. ती ओलांडताच घड्याळ एकदम साडेतीन तासांनी बदलावे लागते. सूर्य मात्र जेथल्या तेथेच असतो!

आपला शेजारी नेपाळ १९८६ पासून भारतापेक्षा बरोबर १५ मिनिटे पुढे आहे. बिहारमधील रक्सौलहून पलीकडच्या वीरगंजला पाऊल टाकले, की पाव तासाचा फरक पडतो. स्पेन हा देश ग्रीनिचच्या जवळपास त्याच रेषेवर आहे. परंतु १९४० साली त्याने आपले घड्याळ एक तास पुढे करून जर्मनीच्या घड्याळाशी जुळविले, आणि ते आजही तसेच आहे. प्रशांत महासागरातील सामोआ या देशाचा व्यापार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांशी मोठा. पण आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे त्यांच्यात आणि सामोआत एका वाराचा फरक पडे. म्हणून सामोआने आपली बाजू बदलली. त्या देशात गुरुवार २९ डिसेंबर २०११ नंतर एकदम शनिवार ३१ डिसेंबर उजाडला. त्या शुक्रवारी ज्यांचा वाढदिवस होता, त्यांनी काय केले असेल बरे? रशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये डायोमीड नावाची दोन बेटे आहेत. त्यांच्यात जेमतेम चार किलोमीटरांचे अंतर आहे. परंतु वाररेषा मधून जात असल्यामुळे हिवाळ्यात त्यांच्या घड्याळांत २१ तासांचा फरक असतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावरचा ‘उद्या’ डोळ्यांनी दिसतो!

या गोष्टी वाचून हसू येते. परंतु आपल्या देशातील एका विसंगतीकडे पाहिले, म्हणजे हा प्रश्न केवळ गमतीचा नाही हे पटते. भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे २९ अंशांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा आहे, आणि घड्याळ मात्र एकच आहे. आसामातील डिब्रुगड येथे जून महिन्यात पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो. शाळा आणि कचेऱ्या उघडेपर्यंत उन्हाचे कित्येक तास वाया जातात. डिसेंबरात तर सायंकाळी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर मैदानावर खेळावे म्हटले, तर तेथे अंधार दाटू लागलेला असतो. अभ्यासाला आणि कामाला दिवे लावावे लागतात. याच्या उलट गुजरातमधील द्वारकेस डिसेंबरात सकाळी सुमारे साडेसातला सूर्योदय होतो आणि सायंकाळी सव्वासहापर्यंत ऊन असते. दोन्ही ठिकाणच्या मुलांचे देश एक, घड्याळ एक; पण त्यांच्या वाट्याला आलेला दिवस एक नाही.

आसामातील चहामळ्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. तेथे घड्याळ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवीत. तिला ‘बागान वेळ’ म्हणजे मळ्याची वेळ म्हणतात. सकाळच्या उजेडाचा लाभ चहा खुडणाऱ्या मजुरांना मिळावा, हा तिचा हेतू. १९५१ च्या मळा-कामगार कायद्यानेही अशी वेळ ठरविण्यास वाव ठेवला होता.

या प्रश्नावर आजपर्यंत निरनिराळे उपाय सुचविण्यात आले आहेत. पहिला उपाय देशात दोन वेळा ठेवण्याचा. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचे काम दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये असे सुचविले, की आसाम व पश्चिम बंगाल यांच्या सीमेजवळ ८९ अंश ५२ मिनिटे रेखावृत्तावर विभागणी करावी आणि तिच्या पूर्वेकडील राज्यांना एक तास पुढची वेळ द्यावी. तेथे देशाचा भाग चिंचोळा असून लोहमार्ग थोडे आहेत, त्यामुळे घड्याळे बदलण्याची स्थानकेही थोडी लागतील, हा या जागेचा गुण होय. तरीही घड्याळ बदलताना एखाद्याची चूक झाली तर अपघाताचा धोका राहतोच. शिवाय एका राष्ट्रात दोन वेळा नकोत, असेही अनेकांचे म्हणणे आहे. सरकारने ही सूचना स्वीकारली नाही.

दुसरा उपाय साऱ्या देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे करण्याचा. बंगळूरच्या काही अभ्यासकांनी २००७ मध्ये त्याचा पुरस्कार केला. सायंकाळचा उजेड अर्धा तास अधिक मिळाल्यास दिवे उशिरा लागतील आणि विजेची बचत होईल, असा त्यांचा हिशेब आहे. घड्याळ पुढे करणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, ते एक तास पुढे केलेले होते. परंतु या उपायाने द्वारकेचा डिसेंबरातील सूर्योदय आठच्या सुमारास जाईल. मुंबईतही जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तो पावणेआठला उगवू लागेल. सात वाजता भरणाऱ्या सकाळच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना अंधारातच घर सोडावे लागेल. डिब्रुगडच्या मुलाची सायंकाळ उजळते, ती मुंबईच्या मुलाची सकाळ काळोखी करून.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी आहे. साऱ्या जगाने एकच घड्याळ वापरावे, असे अमेरिकेतील काही विद्वान सुचवितात. वैमानिक आणि हवामानशास्त्रज्ञ आपल्या कामात आजही तसे करतात. परंतु नेहमीच्या जीवनात ग्रीनिचचे घड्याळ घेतले, तर भारतात पहाटे साडेपाचला तारीख बदलेल आणि न्यूझीलंडमध्ये भर दुपारी. तेथील विद्यार्थी सोमवारी शाळेत जाईल आणि मधल्या सुटीनंतर मंगळवारच्या तासाला बसेल! शिवाय दूरच्या मित्राशी बोलावयाचे झाल्यास तो जागा आहे की झोपलेला, हे शोधण्याची गरज काही संपणार नाही. आकडे एक झाले म्हणून रात्र एक होत नाही.

चौथा उपाय मळ्यातील शहाणपणाच्या जवळचा आहे. घड्याळ एकच ठेवावे. पण पूर्वेकडील शाळा, कचेऱ्या आणि दुकाने यांची वेळापत्रके सूर्याप्रमाणे आधी सुरू करावीत. गाडी आणि हिशेब यांसाठी साऱ्या देशाचा आकडा एकच राहील आणि मुलांना उजेडही मिळेल. यातही अडचण आहे. एकाच शाळेने वेळ बदलून भागत नाही; मुलांच्या आईवडिलांची कचेरी, बस आणि बाजार या सर्वांनी मिळून ती बदलावी लागते. माणसाचा दिवस इतरांच्या दिवसांत गुंतलेला असतो. तथापि ज्यांना बदल हवा त्यांनाच तो करता यावा आणि इतरांच्या सकाळीस धक्का लागू नये, हे दोन्ही हेतू या मार्गाने अधिक साधतात, असे म्हणता येईल.

कोणताही उपाय स्वीकारला, तरी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. प्रमाणवेळ हा एक करार आहे. तो केला म्हणूनच गाड्या सुखरूप धावतात, परीक्षा देशभर एका वेळी सुरू होतात आणि दूरची माणसे एकत्र काम करू शकतात. परंतु त्या कराराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. रेषेजवळ राहणाऱ्याला ती जाणवतही नाही. रेषेपासून दूर राहणाऱ्याला मात्र ती आपल्या झोपेतून किंवा आपल्या उजेडातून रोज चुकवावी लागते. १९०६ साली गिरणीच्या कामगाराने हीच तक्रार केली होती आणि आज ईशान्येकडील लोक हीच तक्रार करीत आहेत. म्हणून घड्याळाचे काटे फिरविण्यापूर्वी, किंवा ते आहेत तेथेच ठेवण्यापूर्वीही, त्यांच्यामुळे कोणाच्या घरी लवकर अंधार पडतो, हे आधी विचारले पाहिजे.